नव्या प्रणालीचा नारळ फोडण्याआधी

महापालिका असो, सहकारी बँक असो की एखादी मोठी पतपेढी. पाच-सात वर्षे झाली की निविदा निघतेच. मजकूर ठरलेला असतो. सध्याची संगणक प्रणाली कालबाह्य झाल्याने नवी, अत्याधुनिक, क्लाउडवर चालणारी प्रणाली विकसित करून देण्यासाठी अनुभवी संस्थांकडून दरपत्रके मागवण्यात येत आहेत, वगैरे. कालबाह्य म्हणजे नेमके काय झाले, हे त्या जाडजूड दस्तऐवजात कुठेही सापडत नाही. बिले चुकीची निघतात का? काउंटरवर रांग लागेपर्यंत स्क्रीन अडकून राहतो का? की ती प्रणाली बांधणारी माणसे पांगली आणि आता तिला हात लावायला कुणी धजत नाही? माझ्या पाहण्यात खरे कारण बहुधा हे तिसरेच असते. माणसे पांगली म्हणून आपण प्रणाली मोडीत काढतो.

नवी मुंबईतल्या ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात माझी सगळी नोकरी झाली. सर्व्हरवर चालणारा, जावा या संगणकभाषेतला कोड लिहायचा, आणि त्याहून जास्त म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला वाचायचा. नव्या प्रणालींच्या कंत्राटांवरच आमच्यासारख्या कित्येकांचे घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटचे हप्ते फिटले, हे मला ठाऊक आहे. तरीही माझे मत असे आहे की सार्वजनिक संस्थांची चालती प्रणाली मुळापासून नव्याने लिहून घेणे हा बहुतेक वेळा लोकांच्या पैशाचा अपव्यय असतो. संस्थेने कोडची मालकी घ्यावी, तो दरवर्षी अद्ययावत ठेवावा, आणि मोडायचाच म्हटला तर आधी तशी गरज सिद्ध करायला लावावी.

इमारतींच्या बाबतीत आपण हे करतोच. वाशीतल्या सिडकोच्या जुन्या इमारती असोत नाहीतर ठाण्याच्या नौपाड्यातल्या, पाडण्याआधी स्ट्रक्चरल ऑडिट होते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रहिवासी आत ठेवून दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. पावसाळ्याआधी याद्या लागतात, सोसायट्यांमध्ये भांडणे होतात, ऑडिट बिल्डरने मॅनेज केले असा आरोपही होतो. पण निदान भांडायला एक कागद तरी असतो. प्रणालीच्या बाबतीत ‘ही सी-१ आहे’ हे कोण ठरवते? सल्लागार किंवा व्हेंडर, म्हणजे प्रणाली पुरवणारी कंपनी. आणि पुढचे कंत्राट त्यांच्यापैकीच कुणाला तरी हवे असते.

सर्व्हरवरची जावा हा प्रकार ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडा इतिहास सांगायला हवा, नाहीतर ‘जुने’ म्हणजे काय हे कळणार नाही. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये जावा लोकांपुढे आणली. १९९८ मध्ये सर्व्हरवरचे घटक (बीन्स) कसे लिहावेत हे सांगणाऱ्या एंटरप्राइझ जावाबीन्सचा, आमच्या बोलण्यातल्या ईजेबीचा, पहिला आराखडा आला आणि १९९९ च्या डिसेंबरात जेटूईई, म्हणजे ईजेबीसकट मोठ्या संस्थांसाठीचा जावाचा सगळा संच. कल्पना सरळ होती. प्रोग्रामरने व्यवहाराचे नियम तेवढे लिहावेत. डेटाबेसची कनेक्शने राखणे, एकाच वेळी पाचशे जणांनी बटण दाबले तर त्यांना सांभाळणे, कुणाला काय पाहायची मुभा आहे ते तपासणे, आणि काम अर्ध्यावर बिघडले तर झालेले सगळे मागे घेणे, ही हमाली कंटेनरने, म्हणजे तो कोड ज्याच्या आत चालतो त्या तयार सॉफ्टवेअरने, करावी. वेबलॉजिक, वेबस्फिअर, जेबॉस ही त्या कंटेनरांची नावे. ठाणे स्टेशनबाहेरच्या क्लासच्या पाट्यांवर तेव्हा ‘कोअर जावा, ॲडव्हान्स जावा, जेटूईई’ असे ओळीने लिहिलेले असे, आणि हे तिन्ही पदरात पडले की नोकरी ठरली असे आईवडिलांना वाटे.

कल्पना चांगली होती, अंमलबजावणी जाचक होती. सुरुवातीच्या ईजेबीत एक साधा घटक लिहायचा तर होम इंटरफेस, रिमोट इंटरफेस, खुद्द बीनचा क्लास आणि वर एक्सएमएलची लांबलचक फाइल. एंटिटी बीन नावाचे प्रकरण तर असे होते की शंभर थकबाकीदारांची यादी मागितली की नकळत डेटाबेसला शंभराहून अधिक फेऱ्या व्हायच्या. रॉड जॉन्सन यांनी २००२ मध्ये या कारभारावर नेमकी टीका केली, पर्यायी कोड लिहून दाखवला आणि त्यातूनच पुढे स्प्रिंग, म्हणजे जावा कोडसाठीची तयार चौकट (फ्रेमवर्क), उभे राहिले. त्याची पहिली आवृत्ती २००४ ची. ईजेबीनेही धडा घेतला. २००६ च्या तिसऱ्या आवृत्तीत साधा क्लास, म्हणजे कोडचा एक सुटा तुकडा, आणि त्यावर खुणेची एक ओळ (ॲनोटेशन) एवढ्यावर काम भागू लागले. २०१० मध्ये सन ओरॅकलच्या ताब्यात गेली, २०१७ मध्ये ओरॅकलने हा सगळा संसार एक्लिप्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे सोपवला आणि पुढच्या वर्षी त्याचे बारसे जकार्ता ईई असे झाले.

म्हणजे गेल्या पंचवीस वर्षांत वेष्टन अनेकदा बदलले. आतला नियम मात्र तिथेच आहे. तो नियम कसा असतो ते जवळून पाहू.

मालमत्ता कर घ्या. वेळेत भरला नाही तर दरमहा दोन टक्के शास्ती, हे बिल वाचणाऱ्या कुणालाही माहीत असते. कोडमध्ये ही एक ओळ व्हायला हवी. प्रत्यक्षात ती अनेक पानांची होते. थकबाकीदाराने अर्धीच रक्कम आणून भरली तर ती आधी मूळ करात वळवायची की शास्तीत? अभय योजना जाहीर झाली आणि शास्तीचा ठराविक टक्का माफ झाला, पण योजनेच्या शेवटच्या दिवशी दिलेला चेक वटला नाही, तर माफी राहते की जाते? करयोग्य मूल्यावर हरकत घेऊन एखादा कोर्टात गेला, स्थगिती मिळाली, तीन वर्षांनी स्थगिती उठली. मधल्या महिन्यांची शास्ती धरायची का? नवी मुंबईत तर एकाच वसुली नोंदवहीत गावठाणातले घर, सिडकोकडून भाडेपट्ट्याने मिळालेल्या भूखंडावरची सोसायटी आणि एमआयडीसीतला गाळा शेजारी शेजारी नांदतात. प्रत्येकाचे कागद वेगळे, प्रत्येकाची भांडणे वेगळी.

या प्रश्नांची उत्तरे कुठल्याही एका नियमपुस्तकात नसतात. ती कधी सभेच्या ठरावात असतात, कधी आयुक्तांच्या परिपत्रकात, कधी लेखापरीक्षकाच्या शेऱ्यात. ती एकत्र सापडण्याची जागा एकच, तो जुना कोड. ‘शास्तीगणना’ असल्या नावाच्या एखाद्या सेशन बीनमध्ये, म्हणजे व्यवहाराचे नियम सांभाळणाऱ्या घटकात, इंग्रजीत मराठी मिसळलेल्या कॉमेंटसह, ठरावाचा क्रमांक आणि तारीख टाकून कुणीतरी ती लिहून ठेवलेली असतात. ज्याने लिहिले तो आज पुण्याला किंवा न्यू जर्सीला असतो. नवी टीम येते, दोन आठवड्यांची केटी, म्हणजे जुन्या टीमकडून माहिती समजून घेणे, होते, आणि कोड कुरूप दिसतो म्हणून तो कोरा करकरीत लिहायला घेतला जातो. मग यूएटीच्या, म्हणजे वापरणाऱ्यांकडून होणाऱ्या अंतिम चाचणीच्या, वेळी वॉर्ड ऑफिसातल्या कर विभागाच्या बाई स्क्रीनकडे बघून म्हणतात, “अहो, त्या सालचा ठराव वेगळा होता. जुन्या मशीनला ते ठाऊक होतं, तुमच्या नव्याला नाही.” त्या बाई निवृत्त झाल्या असतील तर हे सांगायलाही कुणी उरत नाही, आणि चूक थेट नागरिकाच्या बिलावर उमटते.

दुसरा नमुना बँकेतला, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बचत खात्यातून पैसे काढायचे आणि आवर्ती ठेवीत जमा करायचे. दोन कामे, पण व्यवहार एक. दोन्ही झाली तर व्हावीत, नाहीतर एकही होऊ नये. ही जबाबदारी कंटेनर घेतो. मात्र त्याचा एक नियम फार थोड्यांच्या लक्षात राहतो. जावात चुका दोन जातींच्या असतात. अनपेक्षित चूक, म्हणजे रनटाइम एक्सेप्शन, उडाली की कंटेनर आपणहून सगळे मागे फिरवतो. पण जी चूक प्रोग्रामरने आधीच ओळखून जाहीर केली आहे, उदाहरणार्थ ‘ठेव खाते बंद आहे’, ती उडाली तर कंटेनर समजतो की हा तुमच्या धंद्याचा मामला आहे, तुम्हीच बघून घ्या. आणि तोवर झालेले काम कमिट, म्हणजे कायम, करून मोकळा होतो. बचत खात्यातून रक्कम गेली, ठेवीत आली नाही, डे-एंडला ताळेबंद जुळेना. यावर इलाज म्हणून जुन्या कोडमध्ये त्या ठिकाणी एक छोटीशी ओळ असते, सेटरोलबॅकओन्ली, म्हणजे ‘हा व्यवहार मागेच फिरव’ (रोलबॅक) अशी कंटेनरला आज्ञा. वाचणाऱ्याला ती उगाच वाटते. स्प्रिंगमध्येही मुळातला नियम असाच आहे, त्यामुळे कोड एका चौकटीतून दुसरीकडे नेताना ती ओळ गाळली, किंवा मध्येच चूक पकडून नुसता ‘एरर’चा संदेश परत पाठवला, तर डेमो सुरळीत होतो. डेमोत बंद खात्यावर पैसे कोण टाकून बघतो?

आता यात मायक्रोसर्व्हिसेसची भर पडली आहे. प्रत्येक काम स्वतंत्र सेवा, प्रत्येक सेवेचा स्वतंत्र डेटाबेस. ज्यांच्याकडे कोट्यवधी ग्राहक आहेत, शेकडो टीम्स एकमेकींच्या पायात येत आहेत, त्यांना याची गरज असते. पंधरा-वीस शाखांच्या बँकेला कशाला? वरचा जो व्यवहार एका कंटेनरच्या एका रोलबॅकने सुटत होता, तो आता दोन सेवांमध्ये नेटवर्कवरून चालतो, आणि अर्ध्यावर अडला तर उलटी नोंद करून भरपाई करणारा वेगळा कोड लिहावा लागतो. तो लिहिणारा, तपासणारा आणि रात्री दोन वाजता उठून दुरुस्त करणारा माणूस त्या बँकेला परवडत नाही. निविदेत मात्र हा शब्द असतोच, कारण तो शब्द नसलेली निविदा मागासलेली दिसते.

एका फटक्यात नव्या प्रणालीवर जाण्याची किंमत काय असते, हे ब्रिटनच्या टीएसबी बँकेने २०१८ च्या एप्रिलमध्ये दाखवून दिले. एका शनिवार-रविवारात सगळे ग्राहक नव्या प्लॅटफॉर्मवर हलवले, आणि सुमारे १९ लाख लोकांना आपल्याच खात्यात शिरता येईना. २०२२ च्या डिसेंबरात तिथल्या नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड ठोठावला. पैसा, माणसे, सल्लागार, कशाचीच तिथे वानवा नव्हती. आपल्याकडे प्राप्तिकराचे नवे पोर्टल ७ जून २०२१ रोजी सुरू झाले तेव्हा सीए मंडळींचे काय हाल झाले ते नौपाड्यातल्या कुठल्याही ऑफिसात विचारा.

आता दुसरी बाजू, कारण ती पोकळ नाही. जुना कोड तसाच ठेवणे धोक्याचे असते. २०२१ च्या डिसेंबरात लॉग४जे या नोंदी ठेवणाऱ्या साध्या लायब्ररीतली त्रुटी उघड झाली आणि जगभरच्या जावा सर्व्हरांची झोप उडाली. बाहेरून पाठवलेल्या एका ओळीच्या मजकुराने सर्व्हरवर परका कोड चालवता येत होता. ज्यांना आपल्या प्रणालीत कुठली लायब्ररी कितव्या आवृत्तीची आहे हेच माहीत नव्हते, ते पॅच, म्हणजे दुरुस्तीचे ठिगळ, तरी कुठे लावणार? शिवाय २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये पॅकेजांची नावे ‘जावाएक्स’वरून ‘जकार्ता’ झाली, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात आलेल्या स्प्रिंग बूट ३ ला (स्प्रिंग बूट म्हणजे स्प्रिंगवर झटपट सेवा उभी करण्याचे साधन) जावा १७ च्या खालचे काही चालत नाही. दहा वर्षे हातही न लावलेला कोड एकदम या उंचीवर न्यायचा तर घाम फुटतो. मान्य.

पण हे सगळे युक्तिवाद अद्ययावत करण्याच्या बाजूचे आहेत, मोडण्याच्या नव्हेत. एकेक आवृत्ती, एकेक घटक असे करत वर चढता येते. जुन्या बीनमधला नियम तसाच उचलून साध्या क्लासमध्ये ठेवायचा, जुने आणि नवे दोन्ही काही महिने शेजारी चालवायचे, एकाच मालमत्तेची दोघांनी काढलेली बिले ताडून पाहायची, फरक शून्यावर आला की जुने बंद. यात थरार काही नाही, आणि अडचण इथेच आहे. अद्ययावत केलेल्या प्रणालीचा नारळ कुणी फोडत नाही. महापौर, आयुक्त, अध्यक्ष, कुणालाही ‘आम्ही जावा ८ वरून १७ वर आलो’ असा फलक लावून फोटो काढता येत नाही.

काही प्रणाली खरोखरच पाडण्याच्या लायकीच्या असतात, हेही सांगून टाकतो. सोर्स कोड हरवला आहे आणि चालू स्थितीतली फाइल तेवढी सर्व्हरवर उरली आहे. निम्मे नियम जेएसपी पानांत, म्हणजे स्क्रीन दाखवणाऱ्या कोडमध्ये, निम्मे डेटाबेसमध्येच साठवलेल्या प्रोसीजरमध्ये आणि दोन्हींत एकवाक्यता नाही. अशा ठिकाणी मी स्वतः सी-१चा शेरा मारीन. फक्त तो शेरा ज्याला पुढचे कंत्राट मिळणार नाही अशा माणसाने मारावा.

आमच्या धंद्याचाही यात दोष आहे. ‘सपोर्टला टाकलं’, म्हणजे जुन्या प्रणालीच्या देखभालीला बसवलं, हे वाक्य मुले अशा चेहऱ्याने सांगतात की जणू काळ्या पाण्याची शिक्षा झाली. नव्या प्रोजेक्टला चांगला दर मिळतो, देखभालीचे कंत्राट सर्वांत कमी बोलीला जाते. मग कंपनी तिथे सर्वांत नवखा मुलगा बसवते आणि तो सहा महिन्यांत दुसरीकडे उडी मारतो. ऐरोली, नेरूळ, ठाण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजांतून मुलाखतीला येणारी मुले हुशार असतात. पंधरा मिनिटांत स्प्रिंग बूटवर सेवा उभी करून दाखवतात. व्यवहार अर्ध्यावर तुटला तर काय होईल असे विचारले की गप्प होतात. दोष त्यांचा नाही. परकी हजार ओळींची फाइल वाचून तिचा अर्थ सांग, अशी परीक्षा आपण कधी घेतलीच नाही.

हल्ली यावर नवे उत्तर मिळते: जुना कोड एआयला द्या, तो नव्या भाषेत करून देईल. देतो, आणि बऱ्यापैकी देतो. मी स्वतः वापरतो. पण शास्ती माफीची अट नेमकी कुठल्या ठरावाने आली आणि ती आज लागू आहे की नाही, हे कोडमध्ये लिहिलेले नसेल तर त्यालाही कळणार नाही. बदललेला कोड बरोबर आहे हे ठरवायला जुन्या प्रकरणांची तपासणी-उदाहरणे लागतात, आणि ती कुणाकडेच नसतात.

म्हणून मालकीचा प्रश्न सर्वांत आधी येतो. केंद्र सरकारने २०१५ मध्येच सरकारी ॲप्लिकेशनांचा सोर्स कोड खुला करून एकमेकांत वापरण्याचे धोरण जाहीर केले. शहरांच्या कारभारासाठी ई-गव्हर्नमेंट्स फाउंडेशनने बांधलेला डिजिट हा प्लॅटफॉर्म खुला आहे; त्याचा सर्व्हरकडचा बराच भाग जावात, स्प्रिंग बूटवर आहे आणि कुणालाही वाचता येतो. तरीही अनेक संस्थांच्या करारात ‘सोर्स कोड हस्तांतरित केला जाईल’ एवढे एक वाक्य असते आणि हस्तांतर म्हणजे कपाटात ठेवलेली एक सीडी किंवा पेनड्राइव्ह. तो कोड चालतो का, पूर्ण आहे का, प्रोडक्शनवर, म्हणजे प्रत्यक्ष वापरात, आहे तोच आहे का, हे कुणी पाहिलेले नसते. करारात अट अशी हवी: महापालिकेच्या संगणकावर, महापालिकेच्या माणसासमोर, त्या सोर्समधून प्रणाली बांधून दाखवा, ती चालवून मागच्या वर्षीची हजार बिले पुन्हा काढा आणि ती जुळवून द्या. दरवर्षी, शेवटचा हप्ता मिळण्याआधी. हे जमले तर व्हेंडर बदलला तरी प्रणाली बदलावी लागत नाही.

हे करायला पैसे लागतात, आणि ते कुठल्या खात्यातून येतात यावर बरेच काही ठरते. नवी प्रणाली भांडवली खर्चात बसते; मोठी रक्कम एकदम मंजूर होते, मत्ता म्हणून दाखवताही येते. देखभाल महसुली खर्चात येते आणि काटछाट करायची वेळ आली की पहिली कात्री तिच्यावर चालते. म्हणून पाच वर्षे कुणी कोडकडे पाहत नाही आणि सहाव्या वर्षी तो ‘कालबाह्य’ ठरतो. फेब्रुवारीत अंदाजपत्रक मांडले जाईल तेव्हा ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या नगरसेवकांनी संगणक विभागाच्या पानावर एवढेच पाहावे: नव्या प्रणालीसाठी किती ठेवले आहेत, आणि चालत्या प्रणालीच्या अद्ययावतीकरणासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष आहे का. नसेल तर पहिल्या रकमेतून काढून ते तिथेच उघडायला लावावे, आणि त्यातला पहिला खर्च तिऱ्हाईताकडून करून घेतलेल्या ऑडिटवर टाकावा.